वरची ओळ

२०२५-०३-०३T०८:१४:५२.३१८Z

हिरवं बटण दाबलंय. लाल टिकली लुकलुकतेय, म्हणजे ऐकतोय म्हणायचा.

तर मी आजी. नाव सांगून उपयोग नाही, या घरात गेली पंचवीस वर्षं ते कुणी वापरलेलं नाही. वय सत्तर आणि वर थोडी चिल्लर. चाळीस वर्षं एका मोठ्या हॉटेलाच्या चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. अक्षरओळख नाही. शाळेची आणि माझी वाट एकच होती, पण मी गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे निघून जायची.

आणि आता या वयात मी दैनंदिनी लिहितेय. लिहितेय म्हणजे बोलतेय. माझ्या नातीने, ठकीने, तिचा जुना फोन मला दिला आणि त्यात काहीतरी बसवलं. मी बोलायचं, त्याने लिहायचं. "आजी, दिवसभर माझ्याशी बोलतेस, थोडं याच्याशी बोल," म्हणाली. इतक्या गोड शब्दांत 'गप्प बस' मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

वरती तारीख-वेळ तो आपणहून टाकतो. काय टाकतो ते त्यालाच ठाऊक, मला मुंग्यांची रांग दिसते.

"आणि हे वाचणार कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. तुझं खासगी. मी फक्त वरची ओळ बघणार, वेळ नीट पडते का ते. खालचं नाही वाचणार, शप्पथ."

शपथ घेताना तिचे कान लाल झाले. उकडत असेल.

म्हणजे वही इतकी खासगी की मला स्वतःलाही वाचता येत नाही. तिजोरीत ठेवलं आणि किल्ली विहिरीत टाकली.

ठकीचं काम असं. चौकातल्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी ती एक प्रोग्रॅम बनवतेय. पेशंटला घरी फोन येणार, त्यात एक बाई बोलणार: अमुक दिवशी या, तमुक वाजता औषधाचे थेंब घाला. बाई खरी नाही, पण आवाज गोड. आता यात तारीख कशी सांगायची आणि वेळ कशी दाखवायची, एवढ्यावरच पोर तीन आठवडे डोकं फोडतेय. मी म्हटलं, "अगं, वेळ काय, भिंतीवर टांगलेली असते." तर म्हणे, "भिंतीवर टांगणं सोपं आहे आजी, माणसाच्या कानात घालणं अवघड."

दवाखान्याला पसंत पडलं तर पक्कं काम, चार पावलांवर. नाही पडलं, तर एका परदेशी कंपनीने तिला बोलावलंय. इतक्या लांब, की आपण झोपायला निघालो की ते लोक दात घासतात. महिना संपायच्या आत त्यांना हो-नाही कळवायचंय. मी तिच्या तोंडावर म्हटलं, "जा की. तुझं कपाट मला होईल." इथे खासगीत सांगते: मला ते कपाट रिकामं नकोय.

ज्या पेशंटना हे फोन जाणार, त्यांच्या पहिल्या तुकडीत मीही आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, एकोणीस तारखेला काढणार. जेवणं झालीत, लेकीचं शिलाई मशीन थांबलंय, म्हणजे दीड वाजून गेला असणार. पडते जरा.

२०२५-०३-०५ १३:५२:०७

ठकी सकाळी म्हणाली, "आजी, परवा घोळ झाला होता. तू बोललीस दुपारी आणि वर पडले सकाळचे सव्वाआठ. दुरुस्त केलं."

"मग ते सव्वाआठ होते कुणाचे?"

"लांबच्या एका गावाचे. सगळे कॉम्प्युटर आतून त्याच घड्याळावर चालतात."

म्हणजे राहायचं माझ्या घरात, बसायचं माझ्या टेबलावर आणि लक्ष परगावच्या घड्याळाकडे. माझा जावई असाच होता, म्हणून तर तो आता घरात नाही.

मग तिने त्या गोड बाईचा फोन मला लावून दाखवला. बाई म्हणाली, "आपली वेळ तेरा वाजून पंचेचाळीस मिनिटे शून्य सेकंद."

"तेरा?"

"पावणेदोन, आजी."

"मग पावणेदोन म्हणायला तिची जीभ झडते का?"

"दवाखान्यात चोवीस तासांचं घड्याळ असतं. सकाळ-संध्याकाळचा गोंधळ नको म्हणून."

"बारा वाजले की माणसाचं सगळं संपतं, म्हणतात. तुमच्याकडे त्यापुढेही हाल आहेत तर."

एरवी एवढ्यावर ठकी लोळून हसली असती. आज नखं खात स्क्रीनकडे बघत राहिली. मग मी पुढचं गिळलं. ते इथे काढून ठेवते.

एक, सेकंद कशाला? मी काय अंडं उकडतेय? दोन, आधी वार सांगावा, तारीख मागून. तारीख चुकली तर माणूस कॅलेंडर बघतो, वार चुकला तर बंद दाराशी उभा राहतो. तीन, सकाळ की दुपार ते आधी, मग सव्वा, पावणे, काय असेल ते. आमच्या कामावर मुकादमीण सोडून कुणाला अक्षर येत नव्हतं, पण एकही चादर उशिरा गेली नाही. आई, मोठी कात्री कुठे ठेवलीस? खिडकीत बघ गं! हे लेकीचंही लिहिलं असेल मेल्याने. जे कानावर पडेल ते लिहितो, कोण बोललं ते बघत नाही.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी साडेएक

चमत्कार. फोनवरची बाई आता आधी वार सांगते. सेकंद गेले, तेराही गेले. मी तर ठकीला अवाक्षर बोलले नव्हते. मनातलं ओळखलं पोरीने. नात कुणाची!

पण आज बाई काय म्हणाली? "शुक्रवारी दुपारी साडेएक वाजता या." साडेएक! मी तोंडात पदर कोंबला. जन्मात कुणी साडेएकला कुठे गेलंय? दीडला जातात. आणि अडीचला परत येतात, साडेदोनला नाही. पण दवाखान्यातून कुणीतरी तिला चार शब्द सुनावलेत, सकाळपासून तोंड एवढंसं झालंय. अशा वेळी आपण आणखी एक चूक काढायची नसते. दोन दिवसांनी सांगेन.

आता दुसरी गोष्ट. जरा हळू बोलते.

काल टेबलावर एक लांब पाकीट होतं. पांढरं, जाडजूड, कोपऱ्यात निळा शिक्का. अशी पाकिटं साध्या कामाची नसतात. परदेशी कंपनीचंच ते. मी इकडेतिकडे बघितलं, उचललं आणि माझ्या गादीखाली सरकवलं. पत्र नाही तर उत्तर नाही, उत्तर नाही तर जाणं नाही. पाप म्हणा हवं तर. पण अंगठा उठवणाऱ्या बाईला एवढं राजकारण सुचतं, तर शिकले असते तेव्हा काय झालं असतं, विचार करा.

शनिवार, ८ मार्च, सकाळी पावणेदहा

घरात उलथापालथ. वकीलीणबाईंच्या काळ्या कोटाची मापं लेकीने कुठेतरी हरवलीत. कागदी नमुने, बाह्यांचे, कॉलरचे, सगळं कापडवाल्याच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं म्हणे. सोमवारी बाईंना कोट घालून कोर्टात उभं राहायचंय. लेक रडकुंडीला आलीय.

"वस्तू जागच्या जागी ठेवायला नकोत का?" मी म्हटलं. म्हटलं आणि तिच्याबरोबर शोधायलाही लागले. कपाटावर, मशीनखाली, डब्यांच्या मागे. माझ्या गादीखाली तेवढं बघितलं नाही. तिथे तिचं काय असणार?

सोमवार, १० मार्च, दुपारी दीड

मापं सापडली! काल सकाळी, मशीनच्या खणात. लेकीने तो खण तीनदा उपसला होता, ठकीने एकदाच हात घातला आणि काढून दिली. आजकालच्या पोरांची नजर तीक्ष्ण.

माझं पाकीट मी चाचपून आले. आहे जागेवर. पण हाताला आता मऊ लागतंय, आत घडी घातलेलं वर्तमानपत्र असावं तसं. डोळा पिकला की बोटंही दगा देतात बहुतेक.

आणि फोनवरची बाई आज 'दीड' म्हणाली. मी सांगायच्या आत! मला आता ठकीची थोडी भीतीच वाटायला लागलीय.

मघाशी भट्टीवाले वर आले होते. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पन्नास वर्षं बेकरी चालवली, आता मुलगा चालवतो आणि हे चुका काढतात. त्यांचाही डोळा माझ्याच दिवशी आहे. दवाखान्याची चिठ्ठी खिशात घेऊन फिरतात आणि भेटेल त्याला वाचून दाखवतात.

"तुम्हाला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं हो," मला म्हणाले.

"तुम्हाला येतंय ना? तरी पाव करपायचे ते करपलेच."

हसत खाली गेले. खासगीत सांगायचं तर, ते जिना चढताना शीळ घालतात. मधल्या वळणावर दम लागला की शीळ थांबते, आणि तेवढा वेळ मलाही चुकल्यासारखं होतं. हे खोडता येतं का? ठकीला विचारायला हवं. पण विचारलं तर ती विचारणार, काय खोडायचंय. राहू दे.

वेळेवरून आठवलं. आमच्याकडे घड्याळ एकच, मुकादमिणीच्या मनगटावर. आम्ही दोरीवर बघायचो. पातळ चादर कडक उन्हात वाळायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक चादर. जेवायची सुट्टी अर्धी चादर. माझ्या लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्यापासून मोजून अकरा चादरी. डॉक्टर म्हणाले सहा तास. असतील. मला अकरा चादरीच लक्षात आहेत.

मंगळवार, १८ मार्च, दुपारी, जेवणानंतर एक चादर वाळली तेव्हा

उद्या डोळा. सगळ्यांचा नुसता डोळा बधिर करून मोतीबिंदू काढतात, पण आमच्या तुकडीतल्या सात जणांना भूल देणार आहेत. कुणाची मान हलते, कुणाला खोकला येतो. मला गप्प पडून राहता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासताना एकदाच "बोलू नका" सांगून बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आत्ता फोन आला. गोड बाई म्हणाली, "उद्या बुधवार, एकोणीस मार्च. आपलं ऑपरेशन सकाळी नऊ वाजता आहे. बुधवारी रात्री बारा वाजल्यापासून काही खाऊ किंवा पिऊ नये."

ऐका! सकाळी डोळा काढायचा आणि रात्री उपाशी ठेवायचं. डोळ्याचा आणि पोटाचा काय संबंध? पण डॉक्टरिणीने ठरवलंय तर असेल काहीतरी.

ठकी आज जमिनीवर नाही. उद्या तिच्या प्रोग्रॅमचा पहिला खरा दिवस, म्हणून ती पहाटेच दवाखान्यात जाऊन बसणार. मला लेक घेऊन येणार. तीनदा विचारून गेली, "आजी, फोन आला ना? नीट कळलं ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. "आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघ."

बुधवार, १९ मार्च, दुपारी दोन

डोळा जिथल्या तिथे आहे. मोतीबिंदूही.

सकाळी लेक आंघोळीला गेली तेवढ्यात मी माझा चहा केला, दोन टोस्ट खाल्ले. मग रात्रीचा उपास आठवला म्हणून तिसराही खाल्ला. दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "आजी, सकाळपासून काय खाल्लंत?" मी अभिमानाने सांगितलं. तिचं पेन जागीच थांबलं.

सातांपैकी चौघे भरल्या पोटी आले होते. एकाने तर घरून निघताना केळं खाल्लं होतं आणि दुसरं खिशात होतं. उपाशी आले ते तिघेच, त्यात आमचे भट्टीवाले.

"अहो, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यात काय कळायचंय? पन्नास वर्षं रात्री बाराला उठून भट्टी पेटवली. माझा बुधवार मंगळवारच्या जेवणानंतरच उजाडतो." आणि मला हात हलवून शीळ घालत आत गेले, चाकाच्या पलंगावर, राजासारखे.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं. व्हरांड्यात ठकीला उभं करून सावकाश म्हणाल्या, "भरल्या पोटी भूल दिली असती आणि अन्न श्वासनलिकेत गेलं असतं, तर? सिस्टरने विचारलं म्हणून चार माणसं वाचली."

ठकी पुटपुटली, "घड्याळाप्रमाणे बरोबर होतं, मॅडम. बुधवार रात्री बारालाच सुरू होतो."

"ऑपरेशन घड्याळाचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळपर्यंत सुधारून आणा. नाहीतर आमची वही आणि पेन बरं."

घरी येताना ठकीने माझा हात धरला होता. बर्फासारखा. मी म्हटलं, "टोस्ट मात्र खुसखुशीत होता हं." हसली नाही.

"आजी, मी तुला मारलं असतं," म्हणाली.

मी तिचा हात पदरात गुंडाळला आणि घरापर्यंत तसाच धरून ठेवला.

२०२५-०३-२०T११:०२:४०.००५Z

दार बंद. ताट दाराबाहेर ठेवलं होतं, तसंच आहे. लेक म्हणते, "आई, तिला सोड जरा." सोडलं. पण मघाशी ठकीने दार अर्धवट उघडून मोठी बॅग कुठे आहे विचारलं आणि लेकीने माळ्यावरून काढून दिली. मला कोडं पडलंय. पत्र माझ्या गादीखाली, मग ही निघाली कशाच्या जोरावर?

बोलायला कुणी नाही, म्हणून तुझ्याशी बोलते बाबा.

राग येतोय मला. ठकीचा नाही. पोर म्हणते घड्याळाप्रमाणे बरोबर होतं. असेल. घड्याळ झोपत नाही, त्याला काय, बाराला दिवस बदलला काय आणि तेराला बदलला काय. माणसाचा दिवस झोपून उठल्यावर बदलतो. रात्र नेहमी आदल्या दिवसाच्या पदराला बांधलेली. बुधवारची रात्र बुधवारच्या जेवणानंतरच येणार, आधी कुठून येईल? आधी जी गेली ती मंगळवारची. हे लहान मूल सांगेल. भट्टीवाले सोडून कुणीही सांगेल, आणि ते काय, उलट्या घड्याळाचे.

मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, बाराचं नावच काढू नकोस. असं सांग: मंगळवारी रात्री पोटभर जेवा. मग झोपा. बुधवारी उठलात की तोंड धुवा आणि तसेच दवाखान्यात या. मध्ये काही नाही. चहासुद्धा नाही. घोटभरसुद्धा नाही. कुणी बघत नाही म्हणून पिऊ नका, पोटाला दिसतं.

झालं. एवढंच तर होतं. पण आता सांगून काय करू, दार बंद आहे.

तिने मला मारलं नसतं. मी तीन टोस्टांनी मरणाऱ्यांतली नव्हे. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

शुक्रवार, २१ मार्च, उठल्यावर, चहाच्या आधी

ठकीचं दार उघडं आहे. खोलीत कुणी नाही. काल संध्याकाळचं ताट धुऊन पालथं घातलंय, म्हणजे जेवली. बॅग टेबलाखाली, उघडीच, आत काही नाही.

लेक म्हणाली, "दवाखान्यात गेली. पळतच गेली. आणि जाताना तुझा पापा घेऊन गेली, तू घोरत होतीस."

मी घोरत नाही. हे नीट लिही.

सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी, चादरी आत घेतल्यावर

आज परत फोन आला. तीच गोड बाई. मी पलंगावर बसून ऐकत होते.

"उद्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता आपलं ऑपरेशन आहे. आज सोमवारी रात्री पोटभर जेवा. मग झोपा. मंगळवारी उठलात की तोंड धुवा आणि तसेच दवाखान्यात या. मध्ये काही नाही. चहासुद्धा नाही. घोटभरसुद्धा नाही. कुणी बघत नाही म्हणून पिऊ नका, पोटाला दिसतं."

मी बाईला म्हटलं, "अगं, हे तर माझं!" तिने फोन ठेवला.

मग डोक्यात एकेक दिवा लागत गेला. सेकंद. वार. दीड. मापं. मऊ झालेलं पाकीट. मी गादीखालून ते काढून लेकीला उघडायला लावलं. आतून निघालं गेल्या महिन्याचं वर्तमानपत्र. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे बघत राहिले.

आणि शेवटचा दिवा लागला तेव्हा मी कपाळावर हात मारला. शीळ! अगं बाई, शीळ!

तर ठकूबाई, वाचताय ना? कान लाल झालेत का? शपथ घेतली होतीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. उकडत नव्हतं तर.

आता वाचतेच आहेस तर जे तोंडावर बोलता येत नाही ते इथेच बोलते. तुझी चूक अर्धी माझी आहे. मला तेरा नकोत, मला ओळखीचं सांग, असा हट्ट मी धरला, म्हणून तुझ्या बाईच्या तोंडी ते 'रात्री बारा' आलं. तीन टोस्टांतला दीड माझ्या नावावर. दीड म्हटलंय, लक्षात घे.

पाकीट लपवलं ते वाईट केलं. वकीलीणबाईंचं तर फारच वाईट केलं, त्यांचा तुझ्या कंपनीशी काय संबंध? तुला जायचं असेल तर जा. माझ्यासाठी राहू नकोस. माणूस दुसऱ्यासाठी राहिला की रोज त्याला ऐकवत राहतो, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. कामात जीव रमत असेल तर राहा, तिकडे रमत असेल तर तिकडे जा. फक्त एक कर. तिकडून फोन केलास की तिथे किती वाजले ते मला सांगू नकोस. मला तो हिशेब जमायचा नाही. एवढंच सांग, चादरी वाळत घातल्यात की आत घेतल्यात.

आणि त्या शिळेचं कुठे बोललीस तर याद राख.

गुरुवार, २७ मार्च, सकाळी, पहिल्या चहानंतर. आजी, दवाखान्याचं काम मिळालं. परदेशच्यांना काल 'नाही' म्हणून कळवलं. तुझ्यासाठी नाही राहत, काम आवडतं म्हणून राहतेय. तोंडावर सांगताना रडले असते, म्हणून वरच्या ओळीत.

काल पट्टी निघाली. काय सांगू! भिंतीला पोपटी रंग आहे, मी दोन वर्षं पांढरा समजत होते. लेकीचे केस पिकलेत, मला कुणी सांगितलं नाही. मंगळवारी आम्ही सहा जण होतो, सहाही उपाशी. त्यातल्या एकाने तर सिस्टरला सांगितलं म्हणे, "फोनवरची बाई फार खमकी आहे, चहाकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही." मी चादर तोंडावर ओढून घेतली.

भट्टीवाले बघायला आले. माझ्याकडे नव्या डोळ्याने निरखून म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही अशा दिसता होय!"

"डॉक्टरिणीकडून पैसे परत मागा," मी म्हटलं.

गेले नाहीत. बसले. चहा घेऊन गेले.

ठकी काही बोलत नाही. कालपासून घरभर फिरतेय, या खोलीतून त्या खोलीत, हात मागे बांधून. बॅग टेबलाखाली तशीच. मी विचारत नाही. मी सांगितलंय ना, जायचं असेल तर जा, मग आता कुठल्या तोंडाने विचारू? महिना संपायला चार दिवस राहिलेत. डोळा सुधारला, पण त्यातून बघायचं काय, तर ती बॅग.

हा फोनही आज पहिल्यांदा धड दिसतोय. मुंग्यांच्या रांगा किती सुरेख असतात. आणि ही वरची, माझ्या बोलण्याच्या आधीची. जुनी पानं बोटाने सरकवून बघितली. वरची ओळ रोज इवलीशी. अर्धीसुद्धा भरत नाही. आजची मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय आणि खाली उतरलीय. परत खाली उतरलीय. तारीख एवढी लांब असते होय?

ठकी! ए ठकी! दाराआड उभं राहून काय करतेस, इकडे ये.

काय गं आजी.

हे वर काय लिहिलंय?

तारीख आहे.

तारीख मी सत्तर वर्षं ऐकतेय, मला शिकवू नकोस. वाच.

तू बोलतेस ते सगळं लिहिलं जातंय आजी, आधी बटण बंद कर.

लिहू दे. वाच. मोठ्याने.

गुरुवार, सत्तावीस मार्च, सकाळी, पहिल्या चहानंतर.

पुढे?

आजी,

रडतेस कशाला? डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरिणीने मला सांगितलंय, तुला नाही, हे खरं. तरी पूस. हं. पुढे वाच.

आई, काय झालं? का रडताय दोघी?

तू थांब गं जरा. वाचतेय ती. हं, ठकी. अगदी शेवटपर्यंत.

हं.

तोंडावर सांगताना रडले असते, म्हणून वरच्या ओळीत.

आता पुन्हा वाच.